साक्ष कोणाची ग्राह्य धरायची? : मोबाइल ॲप, छुपा रूट आणि फोनचा मालक



११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर जगातल्या २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघू लागले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय देयकांच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका बँकेत गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या घरात होते. बँकेची मुख्य प्रणाली, ज्यात प्रत्येक खात्याची शिल्लक नोंदलेली असते, ती या एटीएमच्या व्यवहारात कोणी फोडली नव्हती. एटीएममधून आलेली विचारणा त्या प्रणालीपर्यंत नेणारा एक दुवा असतो, त्याला स्विच म्हणतात. हल्लेखोरांनी त्याच्या जागी आपला बनावट स्विच उभा केला. ‘या कार्डावर एवढे पैसे द्यायचे का?’ असा प्रश्न आला की तो परस्पर ‘द्या’ म्हणत होता. खऱ्या प्रणालीला कोणी काही विचारलेच नाही. प्रश्न बरोबर होता, विचारण्याची पद्धतही बरोबर होती. उत्तर देणारा मात्र बदललेला होता.

आजचा विषय मोबाइलमधला छुपा रूट आणि त्यापासून ॲपचे संरक्षण हा आहे, आणि मला मांडायचा मुद्दा पुण्याच्या या प्रकरणातून सरळ निघतो. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच साक्षीला उभे करून त्याच्या उत्तरावर निकाल द्यायचा नसतो. आपली बहुतेक ॲप आजही नेमके हेच करतात. त्याहून वाईट असे की, या पद्धतीने ती ज्याला पकडतात तो बहुधा निर्दोष मालक असतो, आणि ज्याला पकडायला हवे तो घुसखोर सहीसलामत सुटतो.

आधी रूट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आहे. या व्यवस्थेत प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता समजून वेगळा क्रमांक दिला जातो, आणि एका ॲपला दुसऱ्याची माहिती वाचता येत नाही. तुमच्या बँकेच्या ॲपमधली माहिती टॉर्चच्या ॲपला दिसत नाही, ती या भिंतीमुळे. शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला मात्र ही भिंत लागू नसते. तोच रूट. तो कोणत्याही ॲपची माहिती वाचू शकतो, चालू ॲपच्या स्मृतीत हात घालू शकतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम ॲपला जी उत्तरे देते ती बदलू शकतो. हा अधिकार दोन वाटांनी मिळतो. एक तर मालक स्वतः फोनचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम, उघडून तो घेतो, नाहीतर एखादे घातकी सॉफ्टवेअर कर्नलमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन तो बळकावते. या दोन वाटांमधला फरक पुढच्या सगळ्या विवेचनाचा कणा आहे.

रूट ओळखण्याची जुनी रीत साधी आहे. ॲप सुरू होताना फोनमध्ये रूटचा अधिकार देणारी ‘एसयू’ नावाची फाइल आहे का ते पाहते, रूट सांभाळणारे एखादे परिचित ॲप बसवलेले आहे का ते तपासते, सिस्टीमचा भाग बदललेला आहे का याची चौकशी करते. एक काळ असा होता की एवढे पुरत असे. २०१६ मध्ये जॉन वू या तरुण प्रोग्रामरने ‘मॅजिस्क’ आणले आणि चित्र पालटले. मॅजिस्क सिस्टीमच्या भागाला हातच लावत नाही. ते फोन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या बूट प्रतिमेत बदल करते आणि बाकीचे बदल वरून पांघरते. एखादे ॲप तपासणी करणारे आहे असे कळले की त्या ॲपपुरते हे पांघरूण काढून घेतले जाते, आणि ॲपला फोन कोरा करकरीत दिसतो. मॅजिस्कचे स्वतःचे ॲपही नाव बदलून राहू शकते. २०२१ मध्ये वू गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात रुजू झाले आणि लपवण्याची मूळ सोय त्यांनी मॅजिस्कमधून काढून टाकली. पण ते काम इतरांनी स्वतंत्र जोडण्या लिहून पुढे चालू ठेवले. कर्नलएसयूसारखी साधने तर थेट कर्नलमध्येच बसतात. शिवाय ‘फ्रिडा’सारखे साधन वापरणाऱ्याला काही लपवावेही लागत नाही. तो चालू ॲपमधले तपासणीचे फंक्शन गाठतो आणि त्याचे उत्तर ‘रूट आहे’ऐवजी ‘रूट नाही’ असे करून टाकतो. कोणतीही तपासणी ॲपच्या आत आणि फोनच्या भरवशावर होत असेल, तर तिचे उत्तर रूटच्या हातात असते. तपासण्या दहाच्या शंभर केल्या, कोड कितीही दुर्बोध केला, तरी हल्लेखोराचा वेळ जातो, साक्षीदार बदलत नाही. वेळ घालवण्यालाही मोल आहे हे मला मान्य आहे, कारण घाऊक चोरी करणाऱ्याला प्रत्येक ॲपवर आठवडे खर्च करणे परवडत नाही. पण त्याला संरक्षण म्हणून गप्प बसता येणार नाही.

आता त्या दोन वाटांकडे वळू. २०११ मध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ नावाचे घातकी सॉफ्टवेअर पन्नासच्या आसपास ॲपमधून गूगलच्या अधिकृत बाजारात शिरले होते, आणि ते गुपचूप रूट मिळवत होते. २०१६ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने ‘हमिंगबॅड’ची माहिती उघड केली. सुमारे एक कोटी फोन त्याच्या ताब्यात होते, आणि सर्वाधिक बाधित देशांत चीनच्या पाठोपाठ भारत होता. पुढच्या वर्षी ‘झ्निऊ’ आले. लिनक्स कर्नलमधली ‘डर्टी काउ’ ही त्रुटी त्याने रूट मिळवण्यासाठी वापरली, आणि त्यातही चीन व भारत हेच पुढे होते. २०२१ मध्ये लुकआउट कंपनीला ‘अ‍ॅबस्ट्रॅक्टइमू’ सापडले. त्याच्याशी संबंधित १९ ॲपपैकी ७ ॲपमध्ये रूट मिळवण्याची क्षमता होती, आणि एक तर गूगल प्लेवरून दहा हजारांहून अधिक वेळा उतरवले गेले होते. या सगळ्यांत मालकाला काही पत्ता नव्हता. छुपा रूट म्हणावा तो हा.

याच प्रकारातले सर्वांत भयंकर उदाहरण पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधल्या त्रुटीतून सुमारे १४०० फोन लक्ष्य झाले. व्हॉट्सॲपने ज्यांना तसे कळवले त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, म्हणजे हे संकट मराठी मुलखापासून दूर नव्हते. पुढे पेगॅससच्या तपासासाठी सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तिच्या तीन तज्ज्ञांपैकी एक, अश्विन गुमास्ते, मुंबईच्या आयआयटीतले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले की, तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये काही घातकी सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच होते असे निश्चित म्हणता आले नाही. फोन हातात, प्रयोगशाळा हाताशी, महिनोन्‌महिने अवधी, आणि तरीही उत्तर निश्चित नाही. मग बँकेचे ॲप उघडताना दोन-तीन सेकंदांत केलेली तपासणी असा घुसखोर शोधून काढील, ही अपेक्षाच चुकीची नाही का?

परिणाम काय होतो ते पाहा. ज्या अभ्यासू तरुणाने जुन्या फोनला नवे आयुष्य द्यावे म्हणून स्वतः रूट घेतला, त्याला ॲप म्हणते, ‘तुमचे उपकरण असुरक्षित आहे’, आणि बंद होते. ज्याच्या फोनमध्ये परका माणूस बसला आहे त्याला ॲप काहीच म्हणत नाही, कारण त्या परक्याने ‘एसयू’ नावाची फाइल ठेवलेली नसते. स्वतः रूट घेणारा धोका पत्करतो, हे खरे. त्याच्या फोनवरच्या भिंती त्याने पाडलेल्या असतात आणि पुढे एखादे घातकी ॲप त्यातून शिरू शकते. त्याला सावध करणे योग्यच आहे. पण त्याला शत्रू मानून सगळी शक्ती त्याच्याशी झुंजण्यात खर्च करणे, हे सुरक्षेच्या नावाखाली चाललेले दिशाहीन काम आहे असे माझे मत आहे.

मग साक्षीदार कोण? या प्रश्नाचे आजचे सर्वांत चांगले उत्तर हार्डवेअरमध्ये आहे. अलीकडच्या फोनमध्ये मुख्य प्रोसेसरच्या आत किंवा शेजारी एक वेगळा सुरक्षित कप्पा असतो. रूटचाही तिथे शिरकाव नसतो. फोन सुरू होताना बूटलोडर बंद होता की उघडा, सुरू झालेली सिस्टीम निर्मात्याच्या सहीची होती की नाही, याची नोंद या कप्प्याकडे असते. बँकेचा सर्व्हर दर वेळी नवा यादृच्छिक आकडा पाठवतो, कप्पा त्या आकड्यासह आपली नोंद सही करून परत देतो, आणि सही खरी आहे का हे सर्व्हर स्वतः पडताळतो. इथे दोन गोष्टी बदलल्या. उत्तर रूटच्या आवाक्याबाहेरून आले, आणि निकाल फोनवर लागला नाही. फोनवरच्या ॲपला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच कळवून त्याच्यावर भरवसा टाकला, तर पुन्हा कॉसमॉसचा बनावट स्विच उभा राहतो. गूगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ ही सेवा याच तत्त्वाकडे हळूहळू सरकली आहे. तिच्या सर्वांत कडक पातळीला आता अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर गेल्या वर्षभरातला सुरक्षा पॅचही लागतो.

पण हा साक्षीदारही सर्वज्ञ नाही. काही निर्मात्यांच्या फोनमधल्या सह्यांच्या किल्ल्या फुटल्या आहेत, आणि त्या वापरून खोटी प्रमाणपत्रे तयार होतात. गूगलला रद्द किल्ल्यांची यादी प्रसिद्ध करावी लागते, आणि ती यादी न तपासणारा सर्व्हर फसतो. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. हा कप्पा फोन कसा सुरू झाला ते सांगतो; सुरू झाल्यानंतर दुपारी तीन वाजता एखाद्याने कर्नलमधल्या त्रुटीतून आत उडी घेतली, तर ते सांगत नाही. म्हणजे बूटलोडर उघडणारा मालक इथेही पकडला जातो, आणि चालत्या फोनमध्ये घुसलेला चोर इथेही सुटू शकतो. म्हणून संरक्षणाचा खरा पाया साक्षीदारावर घालता येत नाही. फोन कधी ना कधी परक्याच्या हाती जाईल असे गृहीत धरूनच ॲप बांधले पाहिजे. फोनमध्ये चोरण्यासारखे कमीत कमी ठेवावे. सहीची किल्ली सुरक्षित कप्प्यातच निर्माण व्हावी आणि बाहेर कधी येऊ नये. ती किल्ली प्रत्येक मोठ्या व्यवहारासाठी मालकाच्या बोटाचा ठसा मागेल अशी व्यवस्था असावी, नाहीतर रूट ती न चोरताही जागच्या जागी वापरू शकतो. नव्या माणसाला पहिल्यांदा जाणारी मोठी रक्कम सर्व्हरने थोडी थांबवावी. यूपीआयमध्ये पिन टाकण्याचा पडदा ॲपचा स्वतःचा नसतो, तो राष्ट्रीय देयक महामंडळाच्या सामाईक संचाचा असतो, आणि पिन तिथूनच कुलूपबंद होऊन जातो. ही रचना याच विचारातली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढा भार प्रत्येक ॲपच्या आपापल्या शहाणपणावर सोडणे परवडले नसते.

यावर पहिला आक्षेप असा की, भारतातली फसवणूक रूटशिवायच होते, मग एवढा खटाटोप कशाला? हा आक्षेप निम्म्याहून अधिक खरा आहे. लग्नपत्रिकेच्या, वाहन चलनाच्या किंवा पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, माणूस ती बसवतो, एसएमएस वाचण्याची परवानगी देतो, आणि ओटीपी परस्पर चोराकडे जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’सारख्या दूरस्थ नियंत्रणाच्या ॲपबद्दल बँकांना सावध केले होते, त्यातही रूट लागत नाही. पण यातून निघतो तो निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. केवळ रूट शोधत बसणारी बँक या फसवणुकीपुढे हतबल असते. फोनवर पूर्ण भरवसा न टाकता सर्व्हरवर व्यवहाराची पारख करणारी बँक मात्र दोन्ही प्रकारांत ग्राहकाला वाचवू शकते.

सरकारी हजेरीच्या ॲपनाही हेच लागू पडते. तिथे फोनच्या मालकालाच ॲपला फसवण्याचे कारण असते, म्हणून तिथे तरी कडक रूट-तपासणी हवी, असे कोणी म्हणेल. मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस ॲपवर स्थळासह छायाचित्रे घालून हजेरी सक्तीची झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवले की, असंबद्ध छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी लावली जात आहे. त्यासाठी रूट लागला नाही, बूटलोडर उघडावा लागला नाही. कामावर प्रत्यक्ष जाऊन पाहणारा माणूस काढून त्याची जागा फोनला दिली, तर फोन कितीही निर्मळ असला तरी खोटे चालतेच.

दुसरा आक्षेप मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. हार्डवेअरची कडक साक्ष मागितली तर जुने, स्वस्त फोन वापरणाऱ्यांचे काय? मध्य प्रदेशातल्या मझौलीसारख्या तहसिलीत, वाटाण्याच्या हंगामात शेंगा तोडणाऱ्या बाईपासून अडत्यापर्यंत सगळ्यांचे पैसे फोनवरून फिरू लागले असताना, नवा फोन घ्या म्हणणे सोपे नाही. सरकारने दिलेला फोनही या अडचणीतून सुटत नाही. महाराष्ट्रात राज्याने २०१९ मध्ये दिलेले फोन अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सामूहिकपणे परत केले, कारण तोकड्या स्मृतीचे ते फोन तापत होते आणि पोषण ट्रॅकर या ॲपचे ओझे त्यांना पेलत नव्हते. इथे एक विसंगती ठळकपणे सांगायला हवी. वर्षानुवर्षे सुरक्षा पॅच न मिळालेला, ज्ञात त्रुटींनी भरलेला, पण बूटलोडर बंद असलेला जुना फोन गूगलच्या साध्या चाचण्यांत आरामात उत्तीर्ण होतो. त्याउलट ‘ग्राफीनओएस’सारखी, बूटलोडर पुन्हा बंद करून चालणारी, नियमित पॅच मिळणारी प्रणाली, हार्डवेअरची खरी साक्ष देऊ शकत असूनही नापास ठरते, कारण ती गूगलच्या मान्यतेची नाही. म्हणजे जी चाचणी सुरक्षा मोजायची म्हणून लावली, ती प्रत्यक्षात अधिकृतपणा मोजते. भारतीय बँकांच्या दारावरचा पहारेकरी कोणी एकच परदेशी कंपनी नेमणार असेल, तर त्याची चर्चा संसदेत आणि रिझर्व्ह बँकेत व्हायला हवी. हार्डवेअरची साक्ष सर्व्हरने थेट पडताळण्याचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या उपलब्ध आहे. त्याला कष्ट अधिक लागतात, एवढेच.

म्हणून उत्तर ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असे असू नये. साक्ष कच्ची असेल तर शिल्लक पाहू द्यावी, दिवसाची मर्यादा कमी ठेवावी, मोठ्या रकमेसाठी शाखेत किंवा दुसऱ्या मार्गाने खातरजमा करावी. आणि कारण स्पष्ट सांगावे. ‘तुमच्या फोनचा बूटलोडर उघडा आहे’, ‘तुमचा सुरक्षा पॅच तीन वर्षे जुना आहे’, अशी वाक्ये मराठीत आणि हिंदीत पडद्यावर यायला काय हरकत आहे? ज्याने स्वतः रूट घेतलेला नाही त्याला ते वाक्य वाचून पहिल्यांदाच कळेल की आपल्या फोनचा बूटलोडर कोणीतरी उघडला आहे, किंवा सेकंडहँड घेतलेला फोन आधीच उघडलेला होता. ‘त्रुटी आली आहे, नंतर प्रयत्न करा’ असे मोघम सांगून ॲप बंद करणे म्हणजे छेडछाडीची बातमी मालकापासून लपवणे होय.

लहान बँकांना हे झेपेल का, हा तिसरा आक्षेप. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल देयकांच्या सुरक्षेचे निर्देश काढले. उपकरणाच्या किमान अटी, दूरस्थ नियंत्रणाची ॲप शक्य तितकी ओळखणे, कोड दुर्बोध करणे, हे सगळे त्यात होते. पण त्या वेळी त्यातून प्रादेशिक ग्रामीण बँका वगळल्या होत्या आणि नागरी सहकारी बँकाही त्यांच्या कक्षेत नव्हत्या. म्हणजे खेड्यातल्या आणि सहकारातल्या ग्राहकाला तेव्हा सर्वांत कमी कवच मिळाले. आता निमित्त राहिलेले नाही. १ मे २०२५ पासून मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात प्रत्येकी एकच ग्रामीण बँक आहे, आणि नागरी सहकारी बँकांची छत्रसंस्था मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आहे. प्रत्येक बँकेने स्वतंत्र ॲप आणि स्वतंत्र तपासणी विकत घेण्याऐवजी साक्ष पडताळणारा एक सामाईक सर्व्हर उभा करणे या आकाराच्या संस्थांना शक्य आहे, आणि ते त्यांनी करावे अशी माझी मागणी आहे.

एक गोष्ट मात्र बँकांनी करू नये. ‘तुमचा फोन रूट झालेला होता, म्हणजे चूक तुमची’ असे म्हणून हात झटकू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले. ज्या रूटचा मालकाला पत्ताच नव्हता, तो त्याचा निष्काळजीपणा कसा ठरेल? सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनाही पाच फोनमध्ये नेमके काय आहे ते ठामपणे सांगता आले नाही. ते वाटाण्याच्या शेतकऱ्याने ओळखायला हवे होते, असे म्हणणे न्यायाला धरून नाही. सप्टेंबर २०२५ च्या नव्या निर्देशांनी तर असे ठरवले आहे की, नियम न पाळता झालेल्या व्यवहारातले नुकसान बँकेने ग्राहकाला पूर्ण भरून द्यावे. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे म्हणून जाहीर झाले. या तरतुदी माहीत असलेला ग्राहक हेच बँकेला ॲप नीट बांधायला लावणारे सर्वांत मोठे बळ आहे.

तेव्हा मित्रहो, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा पॅचची तारीख पाहा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका, मग ती कोणाच्याही नावाने येवो. आणि खात्यातून न केलेला व्यवहार दिसला, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा आणि तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवून पोच घ्या. दोष तुमचा नसेल आणि बँकेला या मुदतीत कळले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ठरवल्याप्रमाणे तुमच्यावर एका रुपयाचीही जबाबदारी येत नाही.